कनकलताबाईंच्या गच्चीवरची घरघर

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कनकलताबाईंच्या गच्चीवर जे उभं आहे त्याला शास्त्रात अँटेना म्हणतात. गल्लीत त्याला दुसरी पुष्कळ नावं आहेत. लांब दांडी, तिला दोन्ही अंगांनी ॲल्युमिनियमच्या काड्या. एखाद्या भल्यामोठ्या माशाचा काटा चाटूनपुसून स्वच्छ करावा आणि आभाळाकडे रोखून ठेवावा, असं एकंदर रूप. आणि तो कोणाच्या घरावर, तर ज्या घरात कांदासुद्धा विचारून आत येतो त्या घरावर. बरं, नुसता उभा राहील तर तेही नाही. कनकलताबाईंनी गच्चीवरच्या खोलीत बटण फिरवलं की बाहेर काटा कुरकुरत मान वळवतो, वर बघतो, खाली बघतो. समोरच्या सुप्रभाबाईंनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा उन्हात घातलेले तांदळाचे वडाम भराभर उचलून आत नेले. दृष्ट लागेल म्हणून की सावली पडेल म्हणून, ते अजून ठरलेलं नाही.

गल्लीचा पक्का समज असा, की ह्या काट्यातून सगळ्यांचे फोन ऐकू येतात. कनकलताबाईंनी हे कधी नाकारलं नाही. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत, नुसत्या हसल्या. त्यामुळे गल्लीतल्या काही पुरुषमंडळींची फोनवरची भाषा इतकी सात्त्विक झाली, की एका घरी बायकोला संशय यायला लागला.

खरं म्हणजे त्या उपग्रह ऐकतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि आपल्या घरच्या रेडिओवरून जगाशी बोलायचं, अशी एक हौस असते. हॅम रेडिओ म्हणतात तिला. त्यातही आभाळातून जाणारे लहान लहान उपग्रह पकडायचे, ही कनकलताबाईंची खास आवड. आणि फोन ऐकायची त्यांना गरज काय? सबंध गावाच्या भानगडी त्यांच्या कानांतून केव्हाच जाऊन आल्या होत्या. विशीत असताना त्या तारखात्यात लागल्या. तारेचं यंत्र कडकट्ट करायला लागलं की इतर लोक पेन्सिल शोधायचे. ह्या जेवणाच्या डब्यातली रसवांगी खात खात ऐकायच्या आणि हात धुऊन मग मजकूर लिहायच्या. कोणाचा मुलगा मद्रासेत गुपचूप लग्न करून बसला, कोणाच्या काकाने मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं, कोण नापास झालं, कोण गेलं, सगळं आधी ह्यांना ठाऊक. आणि ह्या बाईने त्यातली एक गोष्टही कधी कोणाला सांगितली नाही. असा खजिना नेमका असल्या माणसाच्या हाती पडावा, ह्याला दैवाचा अन्याय म्हणायचं नाही तर काय म्हणायचं.

एकच तार फुटली, तीही बाळकृष्णरावांनी स्वतः फोडली म्हणून. बाळकृष्णराव म्हणजे त्यांचे यजमान, गणिताचे मास्तर. लग्नाआधी ते पापनाशमच्या एका मुलीकडे नकार कळवायला तारघरात गेले होते. मजकुरात आईची प्रकृती होती, ग्रहांची स्थिती होती, क्षमायाचना होती, ईश्वरेच्छा होती. खिडकीतल्या मुलीने तो वाचला आणि विचारलं, की ह्यातलं 'नाही' एवढंच खरं दिसतं, बाकीचं खोडू का. मास्तरांनी मान हलवली. तिने खोडलं. पुढच्या मुहूर्तावर मास्तरांनी त्या खिडकीतल्या मुलीशीच लग्न केलं. कौतुक वाटलं म्हणून केलं की भीती बसली म्हणून, हेही ठरलेलं नाही.

पुढे तारच बंद झाली. कनकलताबाईंना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं, तिथे कडकट्ट नव्हतं, नुसती कटकट होती. निवृत्त झाल्या तशी त्यांनी हॅमची परीक्षा दिली आणि कानाला पुन्हा काम लावलं. घरातल्या वस्तूंपेक्षा गच्चीवरच्या वस्तूंवर जीव जडला. बाळकृष्णरावांनी कुरकुर केली नाही. त्यांना जेवण वेळेवर मिळत होतं आणि बायको वरच्या मजल्यावर असायची. सुखी संसाराची अशीही एक रीत असते.

आता अखिलाबद्दल. ती कनकलताबाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीच्या सारख्या बदल्या व्हायच्या म्हणून अखिलाची शाळा मावशीच्या घरून झाली. मराठी तिला सगळी कळते. बोलायला लागली की अर्धी तमिळ, पाव इंग्रजी, आणि उरलेल्या फटींत मराठी क्रियापदं. चेन्नईच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात तिने आणि तिच्या सोबत्यांनी मिळून एक उपग्रह बनवला. फार मोठा नाही, पोळ्यांच्या डब्याएवढा. एका मोठ्या रॉकेटवर कोपऱ्यात जागा मिळाली, डबा वर गेला, आणि पहिल्यांदा बोलला तेव्हा कनकलताबाईंनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे हे सांगताना त्या म्हणाल्या की भाचीचं मूल बोलायला लागलं. अखिलाचं लग्न झालेलं नाही. सुप्रभाबाईंना ते नीट समजेपर्यंत दोन दिवस गल्लीत काय काय झालं, ते वेगळंच.

मग एक दिवस डबा बोलायचा थांबला. त्यातली बॅटरी अखिलाने केली होती. कॉलेजात तिला तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. तिचं म्हणणं असं, की बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे. उपग्रह हळूहळू कलंडत फिरतोय, ऊन खाणारी त्याची बाजू अंधाराकडे गेली आहे. हिशेबाप्रमाणे पंगुनी महिन्यात, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, ती पुन्हा उन्हात येईल, बॅटरी भरेल आणि तो आपोआप जागा होईल. जागा झाला की मोर्सच्या भाषेत, म्हणजे तारेच्या त्याच जुन्या कडकट्टात, आधी आपलं नाव सांगेल, मग बॅटरीचा दोन अंकी आकडा. पासष्टच्या खाली गेला तर तो स्वतःच तोंड मिटतो. बहात्तरच्या वर गेला तर धोका टळला.

पण ऐकणार कोण? तो विषुववृत्ताच्या आसपास घिरट्या घालणारा. युरोप-अमेरिकेतले हौशी लोक त्याच्या वाटेखाली येतच नाहीत. कॉलेजची अँटेना वादळात वाकली होती. कोलंबोच्या एका डॉक्टरांनी कान लावून पाहिला, त्यांना काही मिळालं नाही. राहिला मावशीचा माशाचा काटा. प्रकल्पाच्या प्रमुख सरांनी मुदत घातली होती शुक्रवार संध्याकाळची. तोवर आवाज आला नाही तर काम बंद, आणि कारण म्हणून बॅटरीचं नाव लागणार. म्हणजे अखिलाचं.

अखिला सोमवारी सकाळी पिशवी घेऊन आली आणि कापी पिण्याआधी गच्चीवर गेली. तिथे मावशीने तिला एक गोष्ट सांगितली, जी फोनवर सांगायचं ती टाळत होती. रेडिओत घरघर शिरली होती.

संगणकाच्या पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. सगळं स्वच्छ असेल तर पडदा गडद निळा, आणि उपग्रह बोलला तर त्यात एक बारीक पांढरी रेघ. इथे पडद्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे पट्टे होते, कोणी विभूती फासल्यासारखे. दोन महिने झाले, कनकलताबाई म्हणाल्या. जोरात बोलणारे उपग्रह ऐकू येतात, पण अखिलाच्या अशक्त लेकराचा आवाज ह्या गोंगाटात सापडणं कठीण.

त्यांनी काही हातपाय गाळून वाट पाहिली नव्हती. रीतसर तपास केला होता. अँटेनाची वायर रेडिओतून काढली की घरघर बंद. म्हणजे दोष रेडिओत नाही, बाहेरून येतोय. मग घरचा मेन स्विच पाडला. पंखे थांबले, फ्रिज गप्प झाला, बाळकृष्णरावांनी खालून काय झालं म्हणून विचारलं. रेडिओ गाडीच्या बॅटरीवर लावून ऐकला, तर घरघर जशीच्या तशी. म्हणजे आपलं घर निर्दोष. अपराधी गल्लीत. हे अनुमान त्यांना इतकं आवडलं होतं, की ते पुन्हा तपासायची गरज त्यांना वाटली नाही. स्वतःचं घर सुटलं आणि शेजाऱ्यांवर आलं, तर कोणाला गरज वाटते?

मंगळवारी मावशी-भाची शोधाला निघाल्या. सुताराकडची पोलादी मोजपट्टी कापून केलेली छोटी अँटेना अखिलाच्या हातात, हातात मावणारा रेडिओ कनकलताबाईंच्या. अँटेना ज्या दिशेला धरावी तिथली घरघर रेडिओत मोठी होते. गल्लीत एवढी करमणूक कित्येक वर्षांत झाली नव्हती, आणि एवढी बेअब्रूही.

सुप्रभाबाईंच्या घरी इलेक्ट्रॉनिक तंबुरा सापडला. पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांच्या खिडकीतून सूर ऐकू येतो, त्यावरून गल्लीत त्यांच्या संगीतसाधनेचा मोठा लौकिक. अखिला आत गेली तेव्हा तंबुरा साधना करत होता आणि बाई झोपल्या होत्या. कोपऱ्यावरच्या गणेशकुमारच्या दुकानात माश्या मारायचा निळा दिवा निघाला. आणि महसूल खात्यातून निवृत्त झालेले सीतारामराव, जे रोज दार लावून ध्यानाला बसतात, त्यांच्या ध्यानाचं रहस्य तिथेच उघडं पडलं. रेडिओ त्यांच्या कपाटापाशी किंचाळला. कपाटात चार्जरला लावलेली एक टोपी होती, आतून लाल दिवे लागणारी. ती घालून बसलं की टकलावर केस उगवतात म्हणे. सीतारामराव म्हणाले की ती नातवाची आहे. नातू तीन वर्षांचा.

ह्या सगळ्यांनी आपापली यंत्रं बंद केली, थोडी रागाने, थोडी घाईने. गच्चीवरचे पट्टे हलले नाहीत.

परत येताना अखिलाच्या लक्षात आलं, की मावशीच्या दारासमोर आल्यावर हातातला रेडिओ सगळ्यांत जास्त ओरडतो. तिने तसं म्हटलंही.

"भिंतीवरून परतून येतो तो आवाज," कनकलताबाई म्हणाल्या. "आपलं घर तपासलेलं आहे. मेन स्विच मी माझ्या हाताने पाडला. आता तूं मला शिकवूं नक्को."

अखिलाने अँटेना खाली केली. मावशीला रेडिओबाबत चूक दाखवायची म्हणजे काय, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत.

बुधवारी तिने जालीम उपाय काढला. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या वेळेला सबंध गल्लीने आपापले मेन स्विच पाडायचे, इन्व्हर्टरसकट. भर दुपार, पंगुनीचं ऊन. कोणी तयार होईना. मग अखिलाने अगदी नम्रपणे एवढंच सांगितलं, की ज्याच्या घरचा स्विच चालू राहील त्याच्याच घरात दोष आहे असं धरलं जाईल. सांगायचा अवकाश, सीतारामराव सगळ्यांत आधी धावले.

सबंध गल्ली ओट्यांवर येऊन बसली. पुठ्ठे, वर्तमानपत्रं, ताडपंखे, हाताला लागेल त्याने वारा घेणं चाललं होतं. सुप्रभाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या की हे विज्ञानासाठी आहे, आणि खरोखर इतकी शांतता गल्लीने कधी ऐकली नव्हती. एका घरात भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं ते तिसऱ्या घरी ऐकू येत होतं.

गच्चीवर पडदा विभूती फासून जसाच्या तसा.

कनकलताबाई खुर्चीत मागे टेकल्या. आता दोष द्यायला गल्ली उरली नव्हती. डोक्यावरून उपग्रह गेला की नाही, बोलला की नाही, त्या गोंगाटात देवालाच ठाऊक. अखिला पाणी प्यायला खाली उतरली.

घरात अंधुक होतं. खिडक्या उन्हासाठी मिटलेल्या, दिवे बंद. स्वयंपाकघराकडे जाताना ती देवघरासमोर थबकली. सबंध गल्लीची वीज बंद होती आणि बाळकृष्ण लखलखत होता. तंजावूरच्या सोनेरी चित्रातला गुटगुटीत बाळकृष्ण, त्याच्या चौकटीभोवती पांढऱ्या दिव्यांची माळ, आणि समोर काचेच्या ज्योतीत लुकलुकणारा विजेचा नंदादीप.

ती पाणी न पिताच वर आली.

"मावशी, देवाचा लॅम्प कशावर चालतो?"

"कोणता?"

"तोच. सगळं ऑफ आहे, तो ऑन आहे."

"तो देवाचा आहे," कनकलताबाई म्हणाल्या. "तो विजेचा कोठें आहे."

आणि हे म्हणून झाल्यावर, स्वतःच्या तोंडचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर, त्या हळूच उठून उभ्या राहिल्या.

त्या नंदादीपाची हकीकत गल्लीत सगळ्यांना माहीत होती, म्हणूनच ती कोणाला सुचली नाही. बाळकृष्णरावांच्या आईने त्या घरी सून म्हणून आल्यापासून देवापुढे तेलाचा दिवा अखंड ठेवला. त्या गेल्यावर ते काम मुलाकडे आलं. मास्तरांचं वय झालं, दुपारी डोळा लागायला लागला. वारा, पाल, वीज गेल्यावर अंधारात धडपड, नाना भीती. दोन महिन्यांपूर्वी कनकलताबाई कुंभकोणमला बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या होत्या, तेव्हा मास्तरांनी इकडे वीज गेली तरी न विझणारा दिवा आणला. आत बॅटरी, माळेलाही तीच. सुप्रभाबाईंनी शास्त्राची शंका काढली होती, की दिवा बदलताना अखंडपणा तुटतो. मास्तरांनी खडूने फळीवर काढून दाखवलं: हा दिवा इथे सुरू, तो दिवा तिथे बंद, मधे दोन्ही चालू, फट कुठे आहे दाखवा. कोणाला दाखवता आली नाही. दिवा सगळ्यांनी येऊन पाहिला, हळदीकुंकू झालं, आणि त्या दिवसापासून तो घरातल्या वस्तूंत मोजलाच गेला नाही. देव जसा जेवणाऱ्या माणसांत मोजत नाहीत, तसाच.

आणि देवघर बरोबर अँटेनाच्या खाली.

अखिलाने मोजपट्टीची अँटेना त्या दिव्यासमोर धरली. रेडिओ इतका मोठ्याने बोंबलला, की ओट्यावरून सुप्रभाबाई आत आल्या. त्यांच्यामागून आणखी दोघीतिघी.

बाळकृष्णराव देवघराच्या दारात आडवे उभे राहिले. भांडखोर माणूस नव्हे. हात जोडल्यासारखे पोटाशी धरून ते म्हणाले, की काय पाहिजे ते बंद करा, हा दिवा नको. आईचा आहे.

"अत्तेंनी दिवा लावला होता," कनकलताबाई सासूबाईंबद्दल म्हणाल्या. "बटण नव्हतं लावलं."

सुप्रभाबाईंना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते त्याच संध्याकाळी सहा घरी पोचवलं. पण मास्तर हलले नाहीत. कनकलताबाईंनी मग आवाज खाली आणला. जुना पितळी दिवा फडताळातून काढला, तिळाचं तेल घातलं, वात वळली. फळीवरचं तुमचंच गणित आहे, त्या म्हणाल्या, उलटं सोडवायचं. आधी हा लागेल, मग तो बंद होईल. फट असेल तर दाखवा.

मास्तरांनी वात बोटाने जरा पुढे सारली. मग जे बोलले ते फक्त बायकोला ऐकू जावं असं बोलले, पण दारात बायका उभ्या असताना तसं काही बोलता येत नाही.

"माझ्या हातून विझला तर?"

"तर मी आहें ना," त्या म्हणाल्या. "दोघांनी मिळून पाहूं."

दिवा लागला. ज्योत सरळ उभी राहिल्यावर मास्तरांनी चौकटीमागे हात घातला आणि कसलीशी खटकी ओढली. बाळकृष्णाचा चेहरा एकदम सावळा झाला, खरं सांगायचं तर देखणाही. वरून अखिलाची हाक आली. पडद्यावरचे पट्टे पुसले गेले होते. निळा, काळानिळा, स्वच्छ पडदा.

गोष्ट इथे संपती तर गोड झाली असती. पण गुरुवारी दिवसभर उपग्रह फेऱ्यांमागून फेऱ्या मारून गेला, काटा मान वळवून वळवून दमला, आणि त्या स्वच्छ पडद्यावर काहीही उमटलं नाही. घरघर असताना एक आधार होता. आवाज येत असेलही, आपल्याला ऐकू येत नाही. आता ऐकायला सगळं मोकळं होतं आणि वर कोणी बोलत नव्हतं. अखिलाने संध्याकाळी कपडे पिशवीत भरायला घेतले. कनकलताबाईंनी ती पिशवी बघितली न बघितल्यासारखं केलं आणि पोळ्या लाटायला गेल्या. पोळ्या नेहमीपेक्षा जाड झाल्या.

शुक्रवारी दुपारच्या फेरीला पडद्यावर रेघ दिसली असं अखिलाला वाटलं, पण ती दिसते न दिसते अशी; आणि मोर्स वाचणारा संगणकातला प्रोग्राम नुसता अक्षरांचा कचरा टाकत होता. कनकलताबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग पडद्याकडे पाठ केली, कानांवर हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. तारघरात बसायच्या तशा, एक खांदा किंचित पुढे.

अखिलाला काहीच ऐकू येत नव्हतं. ती मावशीकडे बघत होती. आधी मावशीचा श्वास संथ झाला. मग मेजावर ठेवलेल्या उजव्या हाताचं पहिलं बोट हललं. हललं, थांबलं, पुन्हा हललं. ते बोट लाकडावर काहीतरी ठोकायला लागलं, हलकेच, जसं झोपेत कोणी ठेका धरावा. आणि थोड्या वेळाने त्या हाताने पेन्सिल उचलली आणि डबड्याचं नाव लिहिलं, अक्षर न् अक्षर. त्याखाली सहा. आठ.

अखिलाने आकडा जोडून वाचला. अडुसष्ट. पासष्टच्या वर. तो जिवंत होता.

खालून बाळकृष्णरावांनी विचारलं, बोलला का. ज्योतीपासून त्यांना उठता येत नव्हतं. कनकलताबाईंनी हेडफोन बाजूला करून सांगितलं, की बोलला; भूक लागली आहे म्हणतो.

अखिलाने कॉलेजला फोन लावला. ध्वनिमुद्रण होतंच, ते पाठवलं. प्रमुख सरांचा स्वर बदलला, पण ते सावध माणूस. त्यांनी विचारलं तो प्रश्न खरा होता. अडुसष्ट म्हणजे भरत निघालेली बॅटरी, की संपत आलेली? वर चढताना माणूस अडुसष्टवर असतो तसा खाली घसरतानाही असतो. पुढच्या फेरीचा आकडा सांग, ते म्हणाले. वाढला असेल तर काम पुढे चालू. घटला असेल तर बंद, आणि कारण ठरलेलंच.

पुढची फेरी म्हणजे दिवेलागणीच्या सुमाराची, मुदतीतली शेवटची. मधल्या वेळात गल्लीत बातमी गेली होती. कोणी काही विचारायला आलं नाही. फक्त ज्याच्या त्याच्या ओट्यावर एकाएकी काहीतरी काम निघालं. सीतारामराव कुंडीतली एकच तुळस पुन्हा पुन्हा निवडत होते.

वर अखिलाने हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला धरली होती, दुसरी मावशीच्या. दोघींची डोकी जवळजवळ. तिला खरखर ऐकू येत होती, समुद्रासारखी, त्यापलीकडे काही नाही. मोर्स तिला कागदावर येत होती, कानाने नाही. तिने हे मावशीला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात रडू होतं.

कनकलताबाईंनी तिचं मनगट आपल्या हातात घेतलं आणि नाडीवर अंगठा ठेवला.

काही क्षण काहीच झालं नाही. काटा बाहेर कुरकुरला. मग अंगठा दबला. लांब, आखूड, लांब, थांबला, पुन्हा आखूड. अखिलाने डोळे मिटले. तिच्या डब्याचं नाव तिच्या मनगटावर उमटत होतं, इतकं सावकाश, की तो तिकडे वर श्वास घेऊन बोलतोय असं वाटावं. नावाचं शेवटचं अक्षर झालं. आता आकडा.

लांब.

सहा आणि सात दोन्ही लांबच सुरू होतात, हे तिला पाठ होतं. सहा असेल तर पुढचे चारही आखूड. सात असेल, म्हणजे आकडा सत्तरीत चढला असेल, तर आणखी एक लांब, मग तीन आखूड. मावशीचा अंगठा पुन्हा दबला. अखिला तो उचलला जाण्याची वाट बघत राहिली, आणि तो उचलला जाईना.